रोज ४ लिटर पाणी आणि वजनाचा काटा

पाटावरवंटा | ४ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायचं धाडस करतेय.

वय ४३, उंची ५ फूट २, वजन ७१ किलो. कल्याणला राहते, नोकरी फोर्टात. सकाळी ७.२० ची लोकल, घरी यायला रात्रीचे आठ. व्यायामाच्या नावाने फक्त स्टेशनचे जिने. जानेवारीत ऑफिसातल्या एकीने मोबाइलवर पाण्याचं अ‍ॅप टाकून दिलं. वजन भरलं तर ते म्हणालं, रोज ४ लिटर. मग मी ती दोन लिटरची बाटलीही घेतली, जिच्यावर वेळा छापलेल्या असतात. ८ च्या रेघेवर 'छान सुरुवात', १२ च्या रेघेवर 'अर्धा गड सर', ४ ला 'थांबू नका'. दिवसातून दोनदा भरायची.

सहा आठवडे झाले. वजन ६९.२. म्हणजे १.८ किलो कमी. त्वचा वगैरे काही उजळली नाही, पण दुपारचं डोकं दुखायचं ते बरंच थांबलंय. आता दुसरी बाजू. परवा परतीच्या गाडीत मुलुंडपर्यंत कशीबशी तग धरली आणि ठाण्याला उतरून पळाले. तिथे बाहेर रांग. नंतरच्या गाडीत चौथी सीट पण नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा हे झालं. नवरा म्हणतो, वजन पाण्याने नाही, ठाण्याचे पूल चढून-उतरून कमी झालं.

तर प्रश्न दोन. ४ लिटर खरंच लागतं का? आणि पाण्याने वजन कमी होतं ते नेमकं कसं?

---

खारेदाणे | ४ मार्च, रात्री १०.५२

आमची म्हैस दिवसाला पन्नास-साठ लिटर पिते. बारीक होण्याची चिन्हं दिसत नाहीत.

(हलके घ्या. पुढचे प्रतिसाद वाचायला बसलोय.)

---

हिमनग | ४ मार्च, रात्री ११.१५

गार पाणी प्या, शरीराला ते तापवायला ऊर्जा लागते, असं वाचलं असेल तर हिशेब करून टाकू. अर्धा लिटर पाणी फ्रिजमधलं, ५ अंशांचं. शरीर ३७ अंशांचं. ५०० ग्रॅम गुणिले ३२ अंश म्हणजे १६,००० कॅलरी. आकडा बघून खुश होऊ नका, आहारातली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी. म्हणजे झाल्या १६. दोन लिटर बर्फगार पाणी प्यायलात तर ६४. साखरेचे चार चमचे. एका शेंगदाणा चिक्कीच्या तुकड्यात सगळं वसूल.

---

कोथिंबीर_वडी | ५ मार्च, सकाळी ७.०५

ताई, तुमचं ठाणे प्रकरण वाचून हसूही आलं आणि रडूही. माझी तब्बल अठरा वर्षं डोंबिवली ते मुंबई गेली. सकाळी चहासुद्धा अर्धा कप, पाणी ऑफिसात पोचल्यावरच. हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडलं. आमच्या ग्रुपमधल्या सहाजणींपैकी चौघींना वारंवार लघवीचा संसर्ग. डॉक्टर विचारायच्या, 'पाणी पिता ना?' आणि आम्ही सहाही जणी खोटं बोलायचो.

---

ज्वारी_दादर | ५ मार्च, सकाळी ८.३०

हे ४ लिटरचं खूळ आपलं नव्हेच. अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात वाग्भटाने दोन ओळींत विषय संपवलाय:

ऋते शरन्निदाघाभ्यां पिबेत् स्वस्थोऽपि चाल्पशः ।
समस्थूलकृशा भुक्तमध्यान्तप्रथमाम्बुपाः ॥

म्हणजे शरद आणि ग्रीष्म सोडले तर धडधाकट माणसानेही पाणी थोडं थोडंच प्यावं. आणि जेवणाच्या मधे पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश होतो. त्याच्याच आधीच्या ओळीत अंगावर सूज असणाऱ्यांनी, उदर (पोटात पाणी होणं), पांडु (रक्त कमी होणं) झालेल्यांनी पाणी अगदी कमी घ्यावं असं आहे. तहान लागली की प्या, एवढं साधं आहे. बाटलीवर घड्याळ कशाला?

---

हिमनग | ५ मार्च, सकाळी ८.४१

आणि सकाळी उठल्याउठल्या तांब्याभर पाणी ढोसायचं उषःपान, तेही आपलंच ना? मग 'थोडं थोडं' कुठे गेलं?

---

ज्वारी_दादर | ५ मार्च, सकाळी ८.५०

मी कुठे म्हटलं की सगळ्यांचं सगळं एकमेकांशी जुळतं? ग्रंथ वेगळे, काळ वेगळे. तुम्ही मुद्द्यावर बोला.

---

आजोळचा_डॉक्टर | ५ मार्च, दुपारी २.२०

ओपीडी संपली, जरा बसून लिहितो. नाशकात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. ही 'ओळखीचा डॉक्टर' पद्धतीची माहिती समजा, तपासणीचा पर्याय नव्हे.

आधी 'रोज ८ ग्लास पाणी प्या' हे कुठून आलं ते. १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने लिहिलं की मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी पुरतं. लगेच पुढचं वाक्य असं होतं की यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं सोडून दिलं. २००२ साली डार्टमथच्या हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या प्राध्यापकांनी, उभी हयात मूत्रपिंडाच्या अभ्यासात गेलेल्या माणसाने, ८ ग्लासला शास्त्रीय आधार आहे का म्हणून सगळं वाङ्मय धुंडाळलं. निरोगी, समशीतोष्ण हवेत बैठं काम करणाऱ्या माणसासाठी त्यांना तो सापडला नाही.

नंतर अमेरिकेतल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आकडे दिले: पुरुषांना दिवसाला ३.७ लिटर, बायकांना २.७. पण हे *एकूण* पाणी आहे. चहा, ताक, आमटी, भात, फळं सगळं धरून. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये त्याहून कमी सांगितलं, पुरुष २.५ आणि बायका २. तेही एकूणच. तेव्हा पाटावरवंटाताई, तुमच्या अ‍ॅपने ४ लिटर सांगितलं ते नुसतं ग्लासातलं धरलं असेल तर जास्तच आहे. आपल्याकडचा उन्हाळा, घाम, हे वेगळं धरावं लागतं हे मान्य. पण तुम्ही एसीत बसता.

शरीराचा स्वतःचा हिशेब या अ‍ॅपपेक्षा कितीतरी बारीक आहे. रक्त एक-दोन टक्के घट्ट झालं की मेंदूला कळतं, तहान लागते, मूत्रपिंड पाणी धरून ठेवायला लागतात. अपवाद म्हातारी माणसं. साठी-सत्तरीनंतर तहानेची घंटा मंद वाजते. त्यांना आठवण करून द्यावी लागते, तुम्हाला नाही.

आता वजन. २००३ साली बर्लिनमधल्या एका छोट्या अभ्यासात आलं की अर्धा लिटर पाणी प्यायलं की चयापचय तासाभरासाठी ३० टक्क्यांनी वाढतो. बातम्या झाल्या, पुस्तकं निघाली. नंतर इतरांनी तपासलं तर तेवढी वाढ काही मिळाली नाही. या गोष्टीवर विसंबू नका.

जेवणाआधीच्या पाण्याला मात्र थोडा आधार आहे. २०१० साली व्हर्जिनियात मध्यम वयाच्या आणि त्यापुढच्या लोकांना दोन गटांत विभागलं. दोघांनाही कमी खाण्याचा आहार, एका गटाला शिवाय प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी. १२ आठवड्यांनी पाणीवाले सुमारे २ किलोने पुढे. २०१५ मध्ये बर्मिंगहॅमला ८४ जणांवर असंच केलं. जेवणाआधी अर्धा तास पाणी प्या, बास. दुसऱ्या गटाला सांगितलं, पोट भरलंय अशी नुसती कल्पना करा. (ही माझी आवडती गोष्ट आहे. कल्पना करून पोट भरत असतं तर माझी ओपीडी ओस पडली असती.) फरक १.३ किलोचा, १२ आठवड्यांत. आहे, पण एवढुसाच.

तेव्हा ज्वारी_दादर, तुमचा 'प्रथमाम्बुपाः' या बाबतीत अगदीच चुकीचा नाही. पण 'शेवटी पिणारा स्थूल' याला माझ्याकडे पुरावा नाही.

ताई, माझा उलट प्रश्न. पाण्याच्या बाटलीमुळे तुमचं दिवसभरातलं दुसरं काय कमी झालं?

---

मेळघाट_एक्सप्रेस | ५ मार्च, दुपारी ३.०२

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला आहे.

---

चंद्रपूरकर | ५ मार्च, सायंकाळी ६.४५

एसीत बसणाऱ्यांचं ठीक आहे हो. आमच्याकडे या मे महिन्यात. ४५-४६ मध्ये लोक 'आज बरं आहे' म्हणतात.

मी खुल्या खाणीत पंधरा वर्षं काढली. नवतपाच्या दिवसांत दुपारच्या पाळीला डंपरच्या पत्र्याला हात लागला तर कातडी निघते. तिथं तहानेची वाट पाहत बसला तर माणूस संध्याकाळपर्यंत आडवा होते. आमच्या सेफ्टीवाल्यानं एकच नियम लावला होता: दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान असो नसो. एकदम तांब्याभर ढोसायचं नाही, उलटी होते. आणि नुसतं पाणी पिऊन पिऊन पोटऱ्यांत गोळे यायचे, मग आमचा मुकादम घरून मिठाचं ताक आणायचा, स्टीलच्या कॅनमध्ये, वर ओलं फडकं गुंडाळून. त्या ताकाची चव विचारू नका. अंबाडीच्या भाजीसारखं आंबट, पण जीव यायचा.

वजनाचं म्हणाल तर एका पाळीत दोन-अडीच किलो उतरायचं. रात्री जेवून झोपलं की सकाळी परत जिथल्या तिथं. त्याला वजन कमी होणं म्हणत नाहीत बाप्पा.

---

पेजेचा_टोप | ५ मार्च, रात्री ८.१०

डॉक्टरांनी अन्नातल्या पाण्याचं लिहिलंय म्हणून. माझी आजी मालवणजवळ राहायची. तिला मी कधी ग्लासाने पाणी पिताना पाहिलं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, मोठा वाडगा, बाजूला सुक्या बांगड्याचा तुकडा. दुपारी भात, आमटी, सोलकढी. उन्हाळ्यात मधे एकदा कोकमाचं आगळ पाण्यात. रात्री परत भात-कढी. कुणी मोजलं असतं तर तिचं दीड-दोन लिटर ताटातूनच गेलं असतं. शिजलेल्या भातात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पेजेत तर तांदूळ शोधावा लागतो.

आता आमच्याकडे सकाळी टोस्ट आणि दुपारी डब्यात कोरडी पोळी-भाजी. पाणी ताटातून गेलं म्हणून बाटलीत आलं.

---

कोथिंबीर_वडी | ५ मार्च, रात्री ८.२२

शेवटच्या ओळीला +१. डब्यात आमटी नेता येत नाही, सांडते. मी एकदा नेली होती, लेडीज डब्यातल्या रॅकवरून खाली बसलेल्या बाईच्या पैठणीवर. पुढचं लिहीत नाही.

---

पाटावरवंटा | ५ मार्च, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मी कागद घेऊन बसले.

ऑफिसात मशीनचा चहा फुकट. आधी पाच कप व्हायचे. अकरा वाजता, साडेबारा, तीन, साडेचार, सहा. साखर आधीच घातलेली, कमी करता येत नाही. बाटली टेबलावर आल्यापासून हातात काहीतरी असायला हवं ही गरज पाण्याने भागते. आता चहा दोनच होतात. दुसरं म्हणजे साडेपाचचा वडापाव. तो भुकेने नाही, कंटाळ्याने खात होते असं आता वाटतंय. आठवड्यातून चारदा असायचा, आता एखाद्या वेळी.

हे मी पाण्याच्या खात्यात टाकत होते!

---

आजोळचा_डॉक्टर | ५ मार्च, रात्री १०.४८

सापडला चोर. दूध-साखरेच्या कपाला ६०-७० कॅलरी धरल्या तरी तीन कप म्हणजे दिवसाला दोनशेच्या घरात. वडापाव वेगळा. सहा आठवड्यांत १.८ किलोला एवढं पुरतं.

पाण्यात काही नाही हाच त्याचा गुण. ज्याच्या जागी ते येतं त्यावर सगळं अवलंबून. कोल्ड्रिंकच्या जागी आलं तर मोठा फरक पडेल, ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते. बिनसाखरेच्या कोऱ्या चहाच्या जागी आलं तर शून्य. आणि हो, चहाने शरीरातलं पाणी कमी होतं हा समज सोडा. रोजच्या दोन-तीन कपांतलं पाणी हिशेबात धरायला हरकत नाही.

---

सोनसळी | ६ मार्च, सकाळी ११.१५

मला हा धागा वाचून राहवलं नाही. जरा मोठं लिहितेय.

माझी आई, ७१ वर्षांची. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं चालू. गेल्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेला निरोप तिने मनावर घेतला: सकाळी अनशापोटी दीड लिटर, दिवसभरात पाच लिटर, सगळी विषं बाहेर. तिने ओट्यावर पाच तांब्ये मांडले. रिकामा झाला की पालथा घालायची. रात्री पाचही पालथे असले की मला फोन, 'आज माझे पाच झाले हो.' मी पण शाबासकी देत होते. जोडीला मीठ जवळजवळ बंद, कारण रक्तदाब.

दहाव्या-बाराव्या दिवशी फोनवर बोलणं तुटक वाटलं. मला म्हणाली, 'बाबा अजून आले नाहीत.' बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी गाडी काढून गेले तर ती ओट्यापाशी उभी, हातात तांब्या, आणि तो कुठे ठेवायचा हे तिला समजत नव्हतं. मला वाटलं पक्षाघात. दवाखान्यात मेंदूचा स्कॅन नीट निघाला. मग रक्त तपासलं, सोडियम ११८. असायला हवं १३५ ते १४५. ती रक्तदाबाची गोळी लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी होती, हे आम्हाला कुणी कधी समजावलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. त्यात वरून पाच लिटर पाणी, जेवणात मीठ नाही.

तीन दिवस अतिदक्षता विभागात. सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं म्हणे, घाई केली तर मेंदूला इजा होते. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडून पहिलं काय विचारलं? 'आज किती झाले?'

आता ठीक आहे. गोळी बदलली. ते तांब्ये मी माझ्या घरी आणून ठेवलेत.

---

खारेदाणे | ६ मार्च, सकाळी ११.३०

म्हशीचा विनोद मागे घेतो. आईंना नमस्कार सांगा.

---

आजोळचा_डॉक्टर | ६ मार्च, दुपारी १.५०

सोनसळी, लिहिलंत हे फार बरं केलंत. अशी एखादी आजी दर उन्हाळ्यात माझ्याकडे येते. वयस्कर, थायाझाइड गटातली (लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी) गोळी, मीठ कमी, पाणी भरपूर, हे चार एकत्र आले की मला धडकी भरते. धडधाकट मूत्रपिंडसुद्धा तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावून आलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं. १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. मुख्य कारण: वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले होते. म्हणजे तरुण, तगडेही सुटत नाहीत.

---

नीरव_दुपार | ६ मार्च, दुपारी २.१५

आमच्याकडे ८०० मिली. दिवसाचं. गोळ्या घ्यायचं पाणी धरून.

मिस्टरांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं त्यावरून तिथल्या सिस्टर रागावतात, कारण ते वजन म्हणजे पाणीच. आमटी चाळणीतून, कलिंगड नाही. फार कोरड पडली तर बर्फाचा एक खडा तोंडात. लग्नाला गेलो की प्रत्येक जण पाण्याची बाटली हातात देतो आणि म्हणतो, 'भरपूर पाणी प्या, किडनीला चांगलं असतं.'

---

ज्वारी_दादर | ६ मार्च, दुपारी २.४०

नीरव_दुपार, काय बोलावं समजत नाही. बर्फाऐवजी लिंबाची बारीक फोड चोखायला चालते का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून बघा. माझ्या काकांना त्याने बरं वाटायचं.

---

नीरव_दुपार | ६ मार्च, दुपारी ३.१०

विचारते. धन्यवाद.

---

मुतखडा_पुन्हा | ६ मार्च, रात्री ९.००

नावावरून ओळखलं असेलच. जळगाव. दोनदा झालाय. पहिल्या वेळी रात्री दोन वाजता फरशीवर लोळत होतो, बायकोला वाटलं हार्ट अटॅक. माझा किस्सा वरच्या सगळ्यांच्या उलटा आहे, म्हणून लिहितो.

मला डॉक्टरांनी पाणी किती प्यायचं ते सांगितलंच नाही. लघवी किती व्हायला हवी ते सांगितलं: २४ तासांत अडीच लिटर. आणि प्लॅस्टिकचा मापाचा डबा दिला. पहिल्या रविवारी घरी बसून मोजली, १ लिटर १०० भरली. मी तर समजत होतो मी खूप पाणी पितो! आमच्याकडे मे महिन्यात सगळं घामावाटेच जातं. तेवढी भरायला मला उन्हाळ्यात चार लिटर प्यावं लागतं, थंडीत तीनात भागतं. रात्री झोपताना एक ग्लास हा सक्तीचा, कारण रात्री लघवी घट्ट होते. मग तीनला उठावं लागतं ते लागतंच.

डॉक्टरांनी एक इटालियन अभ्यास सांगितला होता, १९९६ चा. पहिला खडा झालेल्यांपैकी ज्यांनी पाणी वाढवलं त्यांच्यात पाच वर्षांत १२ टक्क्यांना परत झाला, ज्यांनी नाही वाढवलं त्यांच्यात २७ टक्क्यांना. हे मी बायकोला ऐकवलं तर म्हणाली, तुम्ही आयुष्यभर २७ वालेच.

अवांतर: बिअरने खडा पडतो म्हणणारे मित्र खडा पडताना सोबत नसतात.

---

गॅलनवाली_मावशी | ६ मार्च, रात्री ११.२०

अमेरिकेतून. इथे माझी भाची दिवसाला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर, पिण्याच्या आव्हानात उतरली आहे. हातात कळशीएवढा पेला, त्याला दांडा आणि नळी. ती वर्गात नेते, गाडीत नेते, झोपताना उशाशी. मी म्हटलं, आमच्या वेळी याला तांब्या म्हणायचे आणि तो घरात एकच असायचा. तोंड न लावता वरून प्यायचा. तिला दाखवायला गेले आणि अर्धं पाणी नाकात.

---

कोथिंबीर_वडी | ७ मार्च, सकाळी ७.१२

एक प्रश्न उरतोच. डॉक्टर, मग आम्ही बायकांनी काय करायचं? जास्त प्यायलं तर ठाण्याला उतरायचं, कमी प्यायलं तर संसर्ग.

---

आजोळचा_डॉक्टर | ७ मार्च, दुपारी २.०५

याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. वैद्यकीय अर्धं असं: २०१८ साली एक चांगला अभ्यास छापून आला. १४० बायका, सगळ्यांना वारंवार संसर्ग होणारा, सगळ्या कमी पाणी पिणाऱ्या. निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना संसर्ग झाला सरासरी १.७ वेळा, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा. ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यासाठी पाणी हे खरंच औषध आहे. पण प्यायचं आणि मग तीन तास दाबून धरायचं, याला अर्थ नाही.

उरलेलं अर्धं माझ्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

---

वाडीवस्ती | ७ मार्च, दुपारी ४.३०

मी लिहिते ते अर्धं. जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. शाळेत स्वच्छतागृह आहे, पाणी नाही. टाकी आहे, नळ चोरीला गेला. मुलींना 'पाणी प्या' म्हणायची मला लाज वाटते. सहावीतल्या मुली दुपारच्या खिचडीनंतर घोटभर पितात आणि थांबतात, मी बघते ना. केरळात २०१९ पासून शाळांत पाण्याची घंटा सुरू झाली, मुलांना पाणी प्यायची आठवण करून द्यायला. फार छान. पण घंटेच्या आधी नळ लागतो.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'वाल्या बायका भांडल्या, बायकांकडून मुतारीचे पैसे का घेता म्हणून. तेव्हा पेपरात वाचून आमच्या स्टाफरूममध्ये पुरुष मंडळी हसली होती. मला नाही हसू आलं.

---

हिमनग | ७ मार्च, सायंकाळी ५.१५

ताई, नळाला किती खर्च येईल? गंभीरपणे विचारतोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

संपादक मंडळ | ७ मार्च, सायंकाळी ६.००

धाग्यावर आर्थिक मदतीचे व्यवहार करू नयेत, व्यक्तिगत निरोपातून बोलावे. औषधांची नावे विचारून गोळ्या बदलू नयेत. दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत (अल्कधर्मी पाण्याच्या यंत्राची जाहिरात).

---

पाटावरवंटा | ९ एप्रिल, रात्री १०.१५

धागा वर आणतेय, हालहवाल सांगायला.

अ‍ॅप काढून टाकलं. घड्याळवाली बाटली सासऱ्यांनी घेतली, त्यांच्या वयाला आठवण लागतेच, आणि त्यांच्या गोळ्या आधी डॉक्टरांना दाखवून घेतल्या (सोनसळी, हे तुमच्यामुळे). मी आता पाऊण लिटरची साधी स्टीलची नेते. सकाळी गाडीत काही नाही. ऑफिसला पोचल्यावर एक ग्लास, जेवणाआधी अर्धा तास दोन ग्लास, दुपारी बाटलीभर, पाचनंतर घोटभरच. डब्यात रोज काकडी आणि छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत ताक. अजून कुणाच्या पैठणीवर सांडलेलं नाही. चहा दोन. वजन ६८.६. पाच आठवड्यांत ६०० ग्रॅम. हळू आहे, पण आहे.

आणखी एक गोष्ट झाली. आमच्या मजल्यावरचं बायकांचं एक स्वच्छतागृह तीन वर्षं कुलपात होतं. साहेब लोकांच्या पाहुण्यांसाठी राखीव, असं आम्ही समजत होतो. उरलेल्या एकात ४० जणी. परवा आम्ही तिघी प्रशासन विभागात गेलो आणि विचारलं. तिथल्या माणसाने टेबलाचा खण उघडला, चार-पाच किल्ल्या उलटसुलट केल्या आणि एक काढून दिली. म्हणाला, 'कुणी मागितलीच नाही कधी.' आत झाडू आणि दिवाळीच्या माळांची खोकी भरलेली होती. शनिवारी थांबून रिकामं केलं.

ठाण्याला महिनाभरात एकदाच उतरले.

---

कोथिंबीर_वडी | ९ एप्रिल, रात्री १०.२४

कुलूप उघडल्याबद्दल दंडवत!

---

वाडीवस्ती | १० एप्रिल, सकाळी ६.५०

आमचा नळ लागला. पितळी नव्हे, प्लॅस्टिकचा लावलाय, कुणी चोरणार नाही. हिमनग, तुम्ही नाव नको म्हणालात म्हणून एवढंच.

---

मुतखडा_पुन्हा | १० एप्रिल, सकाळी ९.०५

पाटावरवंटाताई, ती स्टीलची बाटली कुठून घेतली? माझीचं बूच गळतं. काल सगळं पाणी बॅगेत, एसटीच्या पासासकट.